आज्जीच्या कंदिलाची काच

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे, हे वाचकांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. पण ज्याच्या हातून नुकसान झाले त्यानेच हिशोब द्यावा, असे आमच्या शाखेत शिकवतात. म्हणून हा हिशोब.

आमचे घर जोयडा तालुक्यातील रामनगरचे. काळी नदीवरचे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली जुने सुपा गेले आणि तिथली कुटुंबे रामनगरला येऊन वसली. त्यांतलेच आमचे एक. येताना ट्रकमध्ये पाटा-वरवंटा आला, पितळी भांडी आली. दोन मडकी वाटेत फुटली. पण आज्जीने गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलेल्या कंदिलाची काच सुखरूप राहिली. तो कंदील ओगल्यांच्या कारखान्याचा, 'प्रभाकर'. १९१६ साली निघालेला तो काचकारखाना आता बंद आहे. पण लोंढ्याहून पुण्याकडे जाताना कराडचे स्टेशन लागते, ते ओगलेवाडीतच.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. दुसऱ्या दिवशी अकाउंटन्सीचा पेपर होता. कंदील लावला, तर काच काजळीने काळी झाली. मी वात विझवली आणि घाईने ओले फडके काचेवर फिरवले. 'टच्' असा आवाज झाला. हातात अर्धी काच राहिली, अर्धी जमिनीवर पडली. आज्जी काही बोलली नाही. तिने तुकडे सुपात भरले आणि सूप फळीवर ठेवून दिले. ती रागावली असती तर बरे झाले असते.

घसारा धरला तर त्या काचेची किंमत वहीत केव्हाच शून्य झाली असती. तरीही मला चैन पडेना. माझी धाकटी बहीण पी. यू. सी.ला विज्ञान शिकते. काच का फुटली, हे मी तिच्या पुस्तकात शोधू लागलो. तिचे पुस्तक इंग्रजी, मी मराठी माध्यमातला. शब्द अडला की तो कन्नडमध्ये समजावून सांगायची. काचेला कन्नडमध्ये 'गाजु' म्हणतात, पण 'स्फटिक' दोन्हीकडे स्फटिकच!

हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांना सहसंयुज बंधाने घट्ट धरून असतो. सगळा हिरा म्हणजे एकच अखंड जाळे. म्हणून तो इतका कठीण. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमध्ये तोच कार्बन तीनच शेजारी धरतो आणि थर करून राहतो. थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून कागदावर रेघ उमटते.

नदीकाठी सापडणारी पांढरी गारगोटी हेही असेच जाळे. तिच्यात प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन, आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडणारा. ही रचना ओळीने, नेमाने पुन्हा पुन्हा येते. काचेतही हेच सिलिकॉन, हाच ऑक्सिजन, जवळचा शेजारही तोच. फक्त दूरवरची ओळ तिथे नाही. वाळूत सोडा मिसळला की जाळ्यातले काही दुवे सुटतात आणि ती कमी उष्णतेत वितळते. पाण्यात टिकावी म्हणून चुना घालतात. हा रस निवताना अणूंना रांग धरायला सवड मिळत नाही; ते असतील तसेच थिजतात. म्हणून काचेला ठरावीक द्रवणांक नाही. ती हळूहळू मऊ होते, आणि म्हणूनच तिला फुंकून कंदिलाचा आकार देता येतो. गारगोटी फुंकून कंदील करता येत नाही.

आणि फुटली का? तांब्या आपटला तर त्याला पोचा पडतो, कारण धातूचे अणू एकमेकांवरून सरकू शकतात. काचेतले बंध दिशा धरून असतात. ते सरकत नाहीत, तुटतात. ओल्या फडक्याने काचेची बाहेरची बाजू झटकन आकसली, आतली तापलेलीच होती. ती ओढ काचेला सोसली नाही. दोष काचेचा नव्हे, माझ्या घाईचा.

एका दुपारी हे सारे मी आज्जीला सांगितले. गारगोटीने काचेच्या तुकड्यावर चरा ओढून दाखवला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे आमचं रामनगरच की रे! शेजार धरून राहिलो सगळे. पण सुप्याची आळी होती तशी ओळ काही परत लागली नाही."

मला पुस्तकातून जे समजले नव्हते, ते तेव्हा समजले. ओळ मोडली म्हणजे बंध सुटले असे नव्हे.

पुढच्या बाजाराला मी लोंढ्याहून नवी काच आणली. ती थोडी सैल बसते, पण बसते. जुने तुकडे अजून फळीवर आहेत. फुटकी काच पुन्हा वितळवता येते, हे कळल्यापासून आज्जी ते टाकू देत नाही.

परवा पुन्हा वीज गेली. काजळी धरली तसा मी फडक्याकडे हात नेला. अंधारातून आज्जीचा आवाज आला, "आधी निवू दे, बाळा."