नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आमच्या मराठी भाषेंत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' ह्या दोन प्रयोगांत वचनाचाच काय तो भेद. पण अर्थांत केवढें अंतर! पहिलें बारशाचें काम, दुसरें निंदकाचें. छत्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें दुसरें काम आम्हांस चांगलें साधलें होतें. पहिल्याचें मोल मात्र पेन्शन घेतल्यावर, आणि तेंही हजारों कोस दूर स्वीडन देशांत, एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस शिकविलें. ती हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे. तींत आमच्या एका अपराधाची कबुलीही आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त उप्साला शहरीं असतात. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्या व सूनबाईंच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब तीन महिने तेथें राहून आलों. प्राण्यांस व वनस्पतींस दोन-दोन शब्दांचीं लॅटिन नांवें देण्याचा परिपाठ ज्यानें रूढ केला, त्या लिनियसाची (१७०७–१७७८) ही कर्मभूमि. त्याची बाग तेथें आहे, शहराबाहेर हमारबी येथें त्याची वाडी आहे, आणि तेथल्या थोरल्या चर्चमध्यें त्याची समाधि आहे. त्याच्या 'सिस्टिमा नॅचुरी' ह्या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ति हाच कीटकांच्या नामकरणाचा आरंभ मानतात. त्यापूर्वीचें कीटकाचें कोणतेंही नांव शास्त्र जमेस धरीत नाहीं. त्याचा शिष्य फॅब्रिशियस (१७४५–१८०८) पुढें कील येथें प्राध्यापक झाला. गुरूनें पंखांवरून कीटकांचे वर्ग पाडले होते, शिष्यानें ते तोंडाच्या अवयवांवरून पाडले, आणि सुमारें दहा हजार कीटकांस नांवें दिलीं!

आमच्या बिऱ्हाडाशेजारीं जे वृद्ध गृहस्थ राहत, त्यांनीं जन्मभर टपालखात्यांत कारकुनी केलेली. परसांतील लांकडी खोलींत ते सकाळपासून सूक्ष्मदर्शकाशीं बसलेले असत. आमची आठ वर्षांची नात त्यांच्याकडे जाई. तिच्या मागोमाग आम्हीही जाऊं लागलों. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, त्यांचेंही बेताचेंच. त्यामुळें चांगलें जमलें. दुसऱ्या किड्यांच्या अळ्यांत अंडीं घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या हा त्यांचा विषय. "नव्या जाति शोधावयास घोर अरण्यांत जावें लागत असेल," असें आम्हीं म्हटलें, तेव्हां ते हंसले आणि परसाकडे बोट दाखवून म्हणाले, "येथेंही सांपडतात."

ही बढाई नव्हती. २००३ ते २००६ ह्या काळांत स्वीडनभर ५५ ठिकाणीं ७३ जाळीं लावण्यांत आलीं. हें जाळें म्हणजे बाजूंनीं उघडा असा एक लहानसा तंबूच. उडणारा किडा मधल्या पडद्यास अडतो, वर वर चढत जातो, आणि टोकाशीं बांधलेल्या मद्यार्काच्या बाटलींत पडतो. रेने मालेझ (१८९२–१९७८) ह्या स्वीडिश संशोधकास, तंबूंत शिरलेले किडे वरच्या कोपऱ्यांत जमतात हें पाहून ही युक्ति सुचली, आणि १९३४ सालच्या ब्रह्मदेशच्या सफरींत त्यानें ती वापरली. त्या ७३ जाळ्यांत अदमासें दोन कोटि किडे जमले. बाल्टिक समुद्रांतील ओलांद बेटावर माणसें ते वर्षानुवर्षें हातानें निवडीत बसलीं. त्यांतील थोडासाच भाग तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला, तोंच शास्त्रास सर्वथा अज्ञात अशा सहाशेंहून अधिक जाति हातीं लागल्या. अडीचशें वर्षें किडे मोजणाऱ्या देशाची ही स्थिति!

किडा सांपडणें सोपें. तो नवा आहे हें सिद्ध करणें कठीण. त्याच्या कुळांतील पूर्वीचीं वर्णनें वाचावयाचीं, मग तीं लॅटिनमध्यें असोत कीं जर्मनमध्यें. ज्या नमुन्यांवरून तीं लिहिलीं ते लंडन, कोपनहेगन येथील संग्रहांतून धुंडाळावयाचे. मिशांचे पेरे मोजावयाचे, पंखांतील शिरा ताडून पाहावयाच्या. हल्लीं डी. एन. ए. मधील सुमारें ६५० अक्षरांचा तुकडा वाचूनही पडताळा घेतात. मग एक किडा आद्य नमुना म्हणून संग्रहालयांत कायमचा ठेवावयाचा आणि वर्णन प्रसिद्ध करावयाचें. प्रसिद्ध झाल्यावांचून नांव नाहीं. आणि स्वतःचें नांव आपणच किड्यास देणें शिष्टसंमत नाहीं. आमच्या शेजाऱ्यांनीं अशीं तीन बारशीं केलीं होतीं, पण त्यांचें नांव त्यांच्या गल्लींतही फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

ह्या नामकरणांतील एक नियम आम्हां वैयाकरणांस मोठा विलक्षण वाटला. लिनियसानें १७५८ सालीं युरोपांतील मधमाशीस 'एपिस मेलिफेरा', म्हणजे मध वाहून आणणारी, असें नांव दिलें. पण माशी फुलांतून मध आणीत नाहीं. रस आणते आणि मध करते. तेव्हां त्यानें १७६१ सालीं चूक सुधारून 'मेलिफिका', म्हणजे मध करणारी, असें लिहिलें. आमच्या कोशांत भ्रमरास 'मधुकर' म्हटलें आहे, त्यांतील अर्थ हाच. तथापि शास्त्राचा निर्णय असा कीं, पहिलें नांव तेंच खरें. चुकलें असलें तरी तें देणाऱ्यासही बदलतां येत नाहीं. ह्यावर आम्ही त्या दिवशीं मनमुराद हंसलों.

पुढें एकदां फिरतांना उचललेला एक सुंदर भुंगा आम्हीं मोठ्या ऐटींत त्यांच्यापुढें ठेवला. "कोठें मिळाला? कोणत्या दिवशीं?" आम्हांस नीट आठवेना. त्यांनीं तो सौजन्यानें परत केला आणि म्हणाले, "चिठ्ठीवांचून किडा म्हणजे नुसता केर. ठिकाण, तारीख आणि वेंचणाऱ्याचें नांव असेल, तर तो शंभर वर्षांनींही बोलतो." त्याचा दाखलाही त्यांनीं दिला. जर्मनींत क्रेफेल्ड येथें १९०५ सालीं स्थापन झालेलें एक कीटकमंडळ आहे. त्यांत हौशी मंडळीच फार. त्यांनीं १९८९ पासून २०१६ पर्यंत ६३ संरक्षित ठिकाणीं हींच जाळीं लावून, मिळालेले किडे तोलून, तारखेनिशीं नोंदून ठेवले. २०१७ सालीं हिशोब प्रसिद्ध झाला, तेव्हां दिसलें कीं, सत्तावीस वर्षांत उडणाऱ्या किड्यांचें वजन तीन चतुर्थांशाहूनही अधिक घटलें आहे. त्यांत ज्यांचें बारसेंच झालें नव्हतें असे किती गेले असतील? ज्यास नांव नाहीं त्याचें सुतकही कोणी धरीत नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. तीस वर्षांपूर्वीं संस्कृतच्या तासास आठवींतील एका मुलाच्या दप्तरांत आम्हांस आगपेटी सांपडली होती. आंत दोन मेलेले भुंगे आणि वहीच्या कागदाची चिठ्ठी: "देवळामागची विहीर, उंबराचें झाड, शनिवार." आम्हीं ती वर्गास वाचून दाखविली. "देव चालवितां येईना आणि किडे वेंचतोस! तूंच एक किडा!" असें म्हणून ती पेटी खिडकीबाहेर भिरकावली. वर्ग पोट धरधरून हंसला. मुलगा रडला नाहीं. तास संपेपर्यंत खिडकीकडे पाहत राहिला.

परत आल्यावर आम्ही त्याच्या दुकानीं गेलों. बाजारपेठेंत त्याचें सायकलींचें दुकान आहे. शेजाऱ्यांनीं निरोपाच्या वेळीं दिलेलें भिंग आम्हीं त्याच्या हातीं दिलें आणि म्हटलें, "बाबा, त्या आगपेटीबद्दल तुझी क्षमा मागावयाची आहे. दोन हिरवे भुंगे होते, मला आठवतात."

तो ओशाळून उभा राहिला. मग भिंग उजेडांत धरून हळूच म्हणाला, "हिरवे नव्हते, गुरुजी. निळे होते. एकाच्या पाठीवर दोन पांढरे ठिपके होते. नांव काय त्याचें, तें मात्र अजून कळलें नाहीं."

इतक्यांत रस्त्यावरून त्याच्याच वयाच्या एका गृहस्थानें हांक मारली, "अरे किड्या, माझी सायकल झाली कां?"

"झाली, घेऊन जा," असें तो सहज म्हणाला. आम्हीं मात्र मान खालीं घातली.