चाकांना ताटं

सुट्टीत पुण्याहून भाचा आला होता. तो गाड्यांचा इंजिनिअर होणार आहे. आमच्या जुन्या गाडीला एक प्रदक्षिणा घालून तो म्हणाला, "मामा, तुमचं पेट्रोल चाकं खातात."

गाडीला हवेचा जो अडथळा होतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा म्हणे चाकांचा आणि त्यांच्यावरच्या कमानींचा. गाडी ८०ने धावत असली, तर चाकाचं वरचं टोक १६०ने पुढे पळत असतं आणि जमिनीला टेकलेलं टोक त्या क्षणी अगदी स्वस्थ असतं. (आमच्या बँकेतही कामाची वाटणी अशीच आहे.) त्यात चाकांना भोकं, रवीनं ताक घुसळावं तशी हवा घुसळली जाते. म्हणून १९५५ च्या सित्रोएन डीएसची मागची चाकं पदराआड होती, १९९९ च्या होंडा इनसाइटचीही.

ही माहेरी होती. रुखवतातली स्टीलची चार ताटं बरोबर मापाची निघाली. वेल्डिंगवाल्यानं प्रत्येकाला चार भोकं पाडली, तारेनं चाकाला आवळली. शेजारी म्हणाले, "साहेब, गाडी जेवाले बसली काय जी?"

पुढच्या रविवारी वाशीमला लग्न होतं. पहाटेच्या अंधारात निघालो, त्यामुळे हिच्या काही लक्षात आलं नाही. परतताना पातूरचा घाट उतरत होतो. पुढे भरलेला ट्रक, माझा पाय सारखा ब्रेकवर. आधी करपल्याचा वास आला, मग ब्रेक पायाखाली मऊ पडला.

"अहो, हळू चालवा!"

"तेच तर जमत नाही!"

दुसरा गिअर, हँडब्रेक आणि रेणुकामाता, तिघांनी मिळून गाडी कडेला थांबवली. माझे हात थरथरत होते. ही उतरली, चाकाकडे पाहिलं, वाकून नीट पाहिलं. ताटावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं. हात लावू गेली तर चटका बसला. मग ती अर्धा तास बोलली नाही. ब्रेक त्या मानानं लवकर निवले.

भाच्याला फोन केला. "अहो मामा, ब्रेकची उष्णता त्या भोकांतूनच बाहेर जाते! कंपन्या झाकण लावतात ते हवेला वाट ठेवून." आणि बचत? नुसत्या ताटांनी शेकडा एखादा टक्का, म्हणजे वाशीमच्या जाण्यायेण्यात पाच-सहा रुपये. तेही वेग असला तर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो. आमच्यासारखं ट्रॅक्टरमागे तिशीनं चालणाऱ्याला हवा ओळखही देत नाही.

ताटं घरी परत आली. त्यातलं एक आता माझं आहे. वरण वाढायच्या आधी ही त्याखाली वर्तमानपत्र पसरते.