पत्र्याखालची दुपार

बर्फाळ देशांत घरांवर पत्र्याचं छत असतं, पण त्यावर स्क्रू दिसत नाहीत. शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडतात, आत लपलेल्या क्लिपा त्यांना धरून ठेवतात. याला स्टँडिंग सीम म्हणतात. बर्फ घसरून जातो आणि पत्र्याला आखडायला-पसरायला जागा राहते.

आमच्या सिरोंचात बर्फ कुठला! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पण पत्र्याचा स्वभाव तोच. चार मीटरचा लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळपास दोन मिलिमीटर वाढतो. स्क्रूने जखडलेला असला की सगळी ओढ भोकावर येते. भोक सैल होतं, वायसर सुकतं, आणि जूनमध्ये तिथूनच पाणी गळतं. संध्याकाळी ‘टण्ण’ वाजतो तो आखडणारा पत्राच.

आधी आमच्या घरावर कवेलू होते. वानरं ते फोडायची, आणि दरवर्षी फेरायला माणूस मिळेना. म्हणून बाबांनी पत्रे टाकले. आता दुपारी आई चटई घेऊन शेजारच्या काकूंच्या कवेलूच्या पडवीत जाऊन पडते. “घर पक्कं झालं, पण मला बाहेर काढलं,” म्हणते.

ती शिवण आम्हाला परवडणारी नाही. म्हणून वायसर बदलतोय, पत्र्यावर पांढरा चुना मारतोय आणि खाली बांबूच्या तट्ट्यांचं छत घालतोय, मध्ये वीतभर हवा खेळती ठेवून. आईचा एकच प्रश्न असतो: “मे लागायच्या आत होईल ना?”