एकाच नंबरची दोन चलनं

बीसीए करताना मी कोर्सच्या मागे धावत होतो. सी झालं, जावा झालं, मग अँड्रॉइडचा क्लास. 2017 मध्ये गुगलनं अँड्रॉइडसाठी कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला, लगेच तिकडे वळलो. डेटाबेस मात्र परीक्षेपुरता. ट्रान्झॅक्शनची व्याख्या तोंडपाठ होती. ते कशासाठी लागतं, हे कधी विचारलंच नाही. आप्पा सुरतच्या पांडेसरा जीआयडीसीतल्या डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी करून माझी फी भरत होते. जळगाव-धुळ्याकडून आलेल्यांच्या आमच्या वस्तीत मी ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणून ओळखला जायचो. ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणायची त्यामुळे लाज वाटायची. त्या लाजेनं माझं जेवढं नुकसान केलं, तेवढं मराठी माध्यमानं किंवा कच्च्या इंग्रजीनं केलं नाही. एररचा मेसेज इंग्रजीत आला की मी तो वाचत नसे, कुठून तरी उत्तर उचलून चिकटवत असे. मुलाखतीत दाखवलेला प्रोजेक्टही निम्मा दुसऱ्याचाच होता.

मोटा वराछातल्या एका लहान कंपनीत लागलो आणि पहिलं मोठं काम आलं ते जॉबवर्क करणाऱ्या मिलचं. व्यापाऱ्याचं ग्रे कापड ताक्यांनी येतं, त्याला लॉट नंबर पडतो, रंगून झालं की चलन बनतं. चलनाच्या नंबरासाठी मी सोपा कोड लिहिला: टेबलातला सगळ्यात मोठा नंबर शोधायचा आणि त्यात एक मिळवायचा. माझ्या मशिनवर तो कधी चुकला नाही. मिलमध्ये दोन क्लार्कनी एकाच क्षणी बटण दाबलं आणि दोन व्यापाऱ्यांच्या नावे एकाच नंबरची दोन चलनं निघाली. त्या कॉलमवर युनिक बंधन घातलं असतं आणि नंबर देण्याचं काम लॉक लावून एका ट्रान्झॅक्शनमध्ये केलं असतं, तर हे घडलं नसतं. मीटर आणि रुपयेही मी फ्लोटमध्ये ठेवले होते. संगणकाच्या द्विमान पद्धतीत 0.1 नेमका मांडता येत नाही, त्यामुळे लांबलचक बेरजांत पैशांचा फरक पडू लागला. डेसिमल वापरायला हवं होतं. हे दोन्ही माझ्या अभ्यासक्रमात होतं.

तिसरी चूक घरीच कळली. जेवताना मी आप्पांना स्क्रीन दाखवली. एक ताका आत, एक ताका बाहेर. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, “डागी तुकडा कापून काढला तर? आणि रंगल्यावर मीटर घटतं, ती घट कुठे लिहायची?” इतकी वर्षं ते मिलमध्ये होते. मी त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं.

आता वस्तीतली मुलं विचारतात, फ्लटर शिकू की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह? दोन्हींत काम मिळतं, पण अशी साधनं बदलत राहतात. संगणकशास्त्रज्ञ कॉडनं 1970 मध्ये मांडलेल्या डेटाबेसच्या रिलेशनल मॉडेलवर आजही बहुतेक धंद्यांचा हिशेब चालतो. स्क्रीनचा कोड तर एआयही लिहून देतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर काय होईल, हा प्रश्न आपल्यालाच सुचावा लागतो. म्हणून मी मुलांना आधी एसक्यूएल पक्कं करायला सांगतो, गिट वापरायला लावतो, आणि एररची प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतो.

नवीन मिलचं काम आलं की मी आधी फोल्डिंग खात्यात जाऊन उभा राहतो, शेठच्या केबिनमध्ये नंतर. हा क्रम आप्पांनी सांगितला आहे.