चिल्लरीचा हिशेब

रोख पैसे देऊन मोटारीचें तिकीट घेणें ही आम्हांस अगदीं क्षुल्लक गोष्ट वाटे. एका सायंकाळीं वर्ध्याहून नाचणगांवास परततांना आम्हीं शंभराची नोट दिली. वाहकाजवळ चिल्लर नव्हती. त्यानें तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून दिली. पुलगांवीं गर्दी उतरली, तेव्हां त्यानें आठवणीनें पैसे आमच्या हातीं ठेविले. गांवीं उतरून मोजतों तों दहा रुपये अधिक! मोटार निघून गेली होती.

सोबती म्हणाला, "दहा रुपयांची ती काय मातबरी?" क्षणभर आम्हांसही तें पटलें. पण रात्रीं आजोबांस हकीकत सांगतांच ते इतकेंच म्हणाले, "रोकड कमी भरली, तर वाहकास ती पदरची भरावी लागते." आम्हांस झोंप लागेना. तिसऱ्या दिवशीं तोच वाहक भेटला. नोट परत करितांच तो हंसून म्हणाला, "त्या रात्रीं हिशेब तीनदां मांडला होता, बाबू!"

पूर्वीं रुपयाचे ६४ पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून १०० झाले. आतां फोनवरूनही भाडें देतां येतें. नाणीं बदललीं, दुसऱ्याचें त्यास परत करण्याचा हिशेब मात्र तोच आहे.