वेंगुर्ला मागे पडले

आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून मुलाने मुंबई–गोवा जलसफर घडवली. बडोद्याला परतल्यावर जो तो विचारतो, ‘मजा आली ना?’ मी मान डोलावतो. आपल्या वाचकांना मात्र खरे सांगतो : नाही आली.

आई वेंगुर्ल्याची. लहानपणी तिच्याबरोबर भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने आजोळी जात असे. डेकवर वळकटी पसरायची. कुणाला बोट लागे, कुणी लिंबू पुढे करी. जयगड, रत्नागिरी, मालवण... पडाव येऊन भिडत, माणसे उतरत. वेंगुर्ला जवळ आले की आईचा चेहराच पालटे.

या नव्या बोटीवर आमची खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची. दिवा मालवला की दिवस-रात्र कळेना. वर अखंड गाणी आणि पंगती. (सौ. रमली, हेही नमूद करतो.) रात्री कठड्याशी गेलो, तर रोषणाईपलीकडे नुसता काळोख. वेंगुर्ला कधी येईल, असे एका सेवकाला विचारले. त्या बिचाऱ्याने नावही ऐकले नव्हते.

डेव्हिड फॉस्टर वॉलेस हा अमेरिकन लेखक १९९५ साली अशाच बोटीवर आठवडाभर कॅरिबियन समुद्रात हिंडला. लाड जितके होतात तितका माणूस अतृप्त होतो, असा त्याचा अनुभव. माझे दुखणे त्याहून साधे होते : त्या बोटीवर कुणालाच कुठे पोहोचायचे नव्हते.

परवा मुलाने फोनवर लक्षद्वीपची सफर सुचवली. मागचे पैसे तो अजून हप्त्यांनी फेडतो आहे, हे सूनबाईंकडून कळले होते. मी ‘बघू’ म्हणालो.