एकाच नांवाच्या दोन चिठ्ठ्या

घर आवरण्याची मला मुळींच हौस नाहीं. परंतु गेल्या रविवारीं सकाळीं मीं जें आवरलें, तें घर नव्हतें. एक फाइल होती. आणि फाइलहि कसली, तर नुसत्या चिठ्ठ्यांची यादी!

संगणकाचे कार्यक्रम लिहिणारी मंडळी आपलें लेखन गिटहबवर ठेवतात. तेथें ज्याला कांहीं दोष आढळेल तो 'इश्यू' लिहितो आणि सांभाळणारा त्यावर रंगीत लेबल लावतो. नवी रिपॉझिटरी उघडली कीं 'बग', 'हेल्प वाँटेड' अशीं कांहीं लेबलें आयतींच मिळतात. आमच्या वाढत्या संसाराला तीं पुरेनात, म्हणून आम्हीं सगळ्यांचीं नांवें, रंग व अर्थ एका वायएमएल फाइलींत लिहून ठेविले होते. एक छोटा कार्यक्रम ती वाचून लेबलें जुळवून घेई.

या फाइलींत 'गुड फर्स्ट इश्यू' मला दोनदां आढळलें. वर जांभळा रंग आणि अर्थ : 'नवख्यानें प्रथम हें हातीं घ्यावें.' बऱ्याच ओळींनंतर तेंच नांव, करडा रंग आणि अर्थ : 'किरकोळ काम, आम्हीच सवडीनें पाहूं.' एका नोंदवहींत एक किल्ली एकदांच यावी, असा वायएमएलचा दंडक आहे. पण तो सारेच वाचक पाळीत नाहींत. आमच्या कार्यक्रमांतलें पायवायएमएल तर चकार शब्द न काढतां शेवटची नोंद खरी धरतें. म्हणजे आमचें आमंत्रण कागदावर शाबूत होतें. पाहुण्यांना दिसत होता तो करडा शेरा!

आयत्या मिळणाऱ्या लेबलांत 'डुप्लिकेट' हेंहि एक असतें. "आधीं शोधावें, मग लिहावें," असा उपदेश करून दुसऱ्यांच्या द्विरुक्तीवर तें मीं किती तत्परतेनें लावलें होतें!

ती दुसरी नोंद कोणाची? प्रत्येक ओळ शेवटीं कोणाच्या हातून गेली, हें गिट सांगतें. त्या आज्ञेचें नांवच 'ब्लेम' आहे. मीं आज्ञा दिली. उत्तरादाखल माझेंच नांव आलें.

मग जुने इश्यू चाळले. एका ठिकाणीं कोणा नवख्यानें लिहिलें होतें, "हें काम आमच्यासारख्यांसाठीं आहे असें वाटलें होतें. चुकलें असल्यास क्षमा असावी." त्याला कोणींच उत्तर दिलें नव्हतें.

दोन्ही नोंदी रागारागानें पुसून चालणार नव्हतें. यादींत नसलेलें लेबल आमचा कार्यक्रम काढून टाकतो, आणि गिटहबवर लेबल गेलें कीं तें प्रत्येक इश्यूवरून जातें. म्हणून खालच्या तीन ओळीच काढल्या आणि पुन्हां द्विरुक्ती दिसल्यास कार्यक्रमानें अडून बसावें अशी तजवीज केली.

काम दहा मिनिटांचें. पण मन तेथून हलेना. घरीं आलेल्या मनुष्याला आपण दारांत "या, या" म्हणतों आणि गप्पा रंगल्या असतां एकदां घड्याळाकडे पाहतों. आपल्या मनाच्या वहींत दोन्ही नोंदी असतात. तो मात्र शेवटची तेवढी घेऊन जिना उतरतो.

त्या नवख्याला मीं लिहिलें, "चूक आपली नव्हती, माझी होती. काम अजून तसेंच आहे." त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.